वाचकांचे प्रश्न : गव्हाची बर्बन गुळमट का लागते?

प्रश्न : भावाने परदेशातून मेकर्स मार्क या अमेरिकी बर्बन व्हिस्कीची बाटली आणली. एरवी मी स्कॉच घेतो. तीस मिलीत ग्लासभर सोडा आणि बर्फ घातला, तर नुसतं गुळमट पाणी! ‘व्हीटेड’ बर्बनचं एवढं कौतुक कशासाठी?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : बाटली चांगली आहे, सोडा जास्त झाला. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरते. रंग किंवा स्वाद वरून घालायला बंदी आहे. मक्याच्या जोडीला बहुतेक कंपन्या राय हे गव्हासारखं धान्य घेतात, त्यामुळे मिरी-लवंगेसारखा झणका येतो. व्हीटेडमध्ये रायच्या जागी गहू. मेकर्स मार्कमध्ये ७० टक्के मका, १६ टक्के गहू, १४ टक्के बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. गव्हाची चव पेल्यात वेगळी अशी कळत नाही. झणका गेला की मक्याचा गोडवा आणि लाकडातला व्हॅनिला पुढे येतो, एवढंच. स्कॉचचा धूर इथे शोधू नका. अशी मवाळ व्हिस्की ग्लासभर सोड्यात बुडणारच.

आता सोलापूरची अडचण. मे महिन्यात रात्रीही खोली तापलेली असते. कोमट व्हिस्कीतून अल्कोहोलची वाफ आधी उठते, नाक झिणझिणतं आणि बाकीचे वास दबतात. म्हणून बाटली पंधरा-वीस मिनिटं फ्रिजच्या दारात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, फार गार झाली तर वासच मिटतो. तोंडाशी निमुळत्या ग्लासात ३० मिली ओता, पाच मिनिटं थांबा. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा: जळवलेली साखर, व्हॅनिला, कधी सुकं खोबरं. पहिला घोट अगदी लहान. मग चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी. ४५ टक्के अल्कोहोलची व्हिस्की त्याने साडेअडतीसच्या आसपास येते. दोन चमच्यांनी चौतीसच्या. त्यापुढे जपून. पाणी आरओचं घ्या, बोअरचं जड पाणी चव मारतं.

बर्फ हवाच असेल तर स्टीलच्या वाटीत झाकून एकच मोठा खडा जमवा. छोटे खडे भराभर विरघळतात. आणि उघड्या ट्रेतल्या बर्फाला फ्रिजमधल्या कांद्याचा वास लागतो, तो मवाळ व्हिस्कीत लगेच सापडतो.

प्रश्न : अर्धी बाटली उन्हाळाभर कपाटात राहिली तर बिघडेल का?

उत्तर : नासणार नाही, पण मुरणारही नाही; मुरणं पिंपातच संपतं. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. उष्णतेने आतली हवा फुगते, बूच ढिलं होतं आणि वास उडतो. बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवल्यास अल्कोहोल बूच खातं. तळाशी पाव बाटली उरली की छोट्या, स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा.

प्रश्न : सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी चालेल?

उत्तर : नंतर. तिखटाने आधीच भाजलेल्या जिभेला अल्कोहोल आणखी चटका देतं, वर लसूण. पेगसोबत साध्या भाजलेल्या शेंगा घ्या, मीठही बेताचं. भाकरी जेवणाच्या ताटात.