मध्ययुगीन राजांना सुपीक शेतजमीन एवढी महत्त्वाची का वाटायची?

शिवकाळातल्या महाराष्ट्रापुरतं सांगतो, कारण तेवढंच मी नीट वाचलंय.

पन्हाळ्याला गेलात तर अंबारखान्यातली, म्हणजे गडाच्या धान्यकोठारातली, गंगा कोठी जरूर बघा. बाहेरच्या दगडी पायऱ्या चढून वर गेलं की छताला भोकं दिसतात. धान्य त्यांतूनच आत ओतायचे. मी तिथे बराच वेळ उभा होतो. शिबंदीचं, म्हणजे गडावरच्या सैन्याचं, पोट आणि वेढ्यात गड किती टिकणार, हे सगळं त्या कोठीत काय आहे यावर होतं. जकात, बंदरं, लूट हीही उत्पन्नं होतीच, पण दरसाल भरवशानं येणारं म्हणजे जमिनीचा सारा, तोही पुष्कळदा धान्यातच.

मात्र जमीन नुसती सुपीक असून भागत नसे. 1630 च्या दुष्काळात माणसं गावं सोडून गेली. पुणं तर त्याच सुमारास आदिलशाही फौजेनं उद्ध्वस्त केलं होतं. काळीभोर जमीन जागेवरच होती, पण नांगर धरायला कुणी नाही, मग सारा कुठून येणार? म्हणून पड जमीन लागवडीला आणायची तर कौल (सवलतीचं लेखी वचन) द्यायचे आणि इस्तावा ठरवायचे: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे दरसाल थोडा थोडा वाढता.

याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे शिवाजी महाराजांनी 5 सप्टेंबर 1676 रोजी कोकणातल्या प्रभावळी सुभ्याचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर. ज्याच्या अंगात शेत करायची ताकद आहे पण बैल नाही, त्याला बैलाचे पैसे दे, पोटाला खंडी-दोन खंडी (खंडी हे धान्याचं जुनं माप) दाणे दे. वसूल करताना व्याज-वाढी लावू नकोस, फक्त मुद्दल घे, तेही त्याला झेपेल तसं हळूहळू. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असंही त्यात आहे. लारी म्हणजे चांदीच्या तारेचं नाणं, कोकणात चालायचं. बदल्यात महाराजांना हवं काय, तर कुणब्याला ताकद यावी, पड जमीन लागावी आणि वसूल वाढावा.

कर्नाटकची मोहीम तोंडावर असताना खजिन्यातून बैलांसाठी एवढी रक्कम मोकळी केली जाते. तुमच्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला तरी ठाऊक नाही.