'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' आणि आपलं 'जेवायलो'

परभणीहून एक विद्यार्थी विचारतो : "स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी व्याकरण करायलोय. बारा काळांचा तक्ता पाठ आहे, तरी 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' चूक का, ते कळायलं नाही. अभ्यास कसा करावा?"

तक्ता आधी मिटून ठेवा. हे 'हॅविंग' मुलाखतीत, लग्नाच्या बायोडेट्यात, फार काय इंग्रजीच्या क्लासच्या पाटीवरही वाचून कान-डोळे किटलेत. अन् उत्तर तर तुमच्याच प्रश्नात आहे : 'करायलोय'.

पुण्याकडं 'करतोय', आपल्याकडं 'करायलो', लातूर-बीडकडं 'करू लालो'. याला गावंढळ म्हणणाऱ्यांची मला कीव येते. माझ्या मते हा 'करायला लागलो'च झिजून आलाय. 'लालो'त तर 'लागलो' अजून ऐकू येतो. आता गंमत बघा. इंग्रजीतही पूर्वी 'ऑन हंटिंग' म्हणत, म्हणजे शिकारीवर असणं. 'ऑन' झिजून 'अ-हंटिंग' झालं, पुढं तो 'अ'ही गळाला. दोन्हीकडं क्रियेचं नाम, त्याला चिकटलेला एक शब्द, अन् झिजता झिजता तयार झालेला काळ! काही पंडित इंग्रजीतल्या या 'इंग' रूपाची वंशावळ जुन्या इंग्रजीतल्या 'एन्डे' प्रत्ययाशी जोडतात. जोडोत बापडे, शिकारीला निघालेला माणूस त्यांना दिसत नाही, त्याला मी काय करू?

घोळ खरा आपल्या पुस्तकांचा. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली इंग्रजीचा साचा समोर ठेवून मराठीचं व्याकरण रचलं, तेव्हापासून आपण मराठी त्या साच्यात कोंबतोय. उलट करून बघायचं कुणाला सुचत नाही. 'मला दोन भाऊ असायलेत' असं तुमची आजी म्हणेल का? नाही ना? मग इंग्रजीतही 'हॅव'च. 'उद्या नांदेडला जायलो' चालतं, तसंच 'आय अ‍ॅम गोइंग टुमारो'.

ही युक्ती एका जागी फसते : 'कळायलं नाही'. त्याचंच 'आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग' होतं. इंग्रजीत कळणं, माहीत असणं, मालकी असणं या स्थिती; त्यांना सहसा 'इंग' लागत नाही. अशी वीसेक क्रियापदं वहीत वेगळी लिहा, प्रत्येकाचं घरच्या बोलीतलं वाक्य शेजारी. 'हॅव' मात्र दोनदा लिहा, कारण चहा प्यायला बसलात तर 'आय अ‍ॅम हॅविंग टी' अगदी बरोबर.