एक दिवस हातचा ठेवा

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं चाललंय, मी, मिसेस, दोन पोरं आणि आई-बाबा. सात दिवसांचा प्लॅन आहे, पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक बेट, मग नील बेट, आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने नीलवरून परत येऊन दुपारचं विमान. एजंट म्हणतो सगळे असंच करतात. मित्र म्हणतो बोटी ऐनवेळी रद्द होतात. आईला सेल्युलर जेल बघायचंच आहे, तेवढ्यासाठीच ती तयार झालीय. पैसे अजून भरले नाहीत. काय करू?

उत्तर : पैसे भरले नाहीत हे फार बरं केलंत. प्लॅनमधल्या जागा छान आहेत, फक्त तो शेवटचा दिवस बदलून घ्या. बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका. एजंट काहीही म्हणू दे, ठेवू नका.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही अगदी हाच प्लॅन घेऊन गेलो होतो, सासूबाई बरोबर होत्या, आणि शेवटच्या दिवशी सकाळी सहाला बॅगा घेऊन नीलच्या जेट्टीवर पोचलो तर खिडकी बंद आणि काचेवर आतून चिकटवलेला एक कागद, त्यावर पेनाने लिहिलेलं की आज बोट नाही. पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं, पण वारा असा की सासूबाईंना पदर दोन्ही हातांनी धरावा लागत होता आणि जेट्टीच्या खांबांवर पाणी आपटून वरपर्यंत उडत होतं. आम्ही तिथंच बॅगांवर बसून सांगलीहून नेलेलं भडंग खाल्लं, दुसरं काही हातात नव्हतंच. बोटीचे पैसे परत मिळाले. विमानाचे नाही मिळाले, कारण विमान वेळेवर उडालं, आम्हीच त्यात नव्हतो. लोकांच्या हे लक्षात येत नाही, समुद्र खवळला म्हणून विमानतळ बंद होत नाही, त्यामुळे एअरलाइनच्या हिशोबात तुम्ही आला नाहीत एवढंच असतं, आणि सहा माणसांची नवीन तिकिटं ऐनवेळी काढायची म्हणजे काय आकडा होतो ते तुम्हीच बघा.

आता सुट्टीचं. आपली पंचाईत अशी की शाळांना सुट्टी असते दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि अंदमानचा समुद्र नेमका याच दोन टोकांना बिघडतो. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मान्सून देशात सगळ्यात आधी तिथंच पोचतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात वादळं तयार व्हायचा काळ. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा वादळाच्या आधी हॅवलॉक आणि नीलवर हजारावर पर्यटक अडकले होते, शेवटी नौदलाची जहाजं पाठवून त्यांना काढावं लागलं. जानेवारी ते मार्च समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो, पण पोरांची शाळा असताना ते तुम्हाला जमणार नाही हे मला कळतंय, म्हणून दिवाळीतच जायचं धरून सांगते.

पहिल्या दिवशी उतरलात की दुपारी सेल्युलर जेल करून टाका आणि संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो पण त्याच दिवशी, जेल कुठल्या दिवशी बंद असतं ते आधी बघून मगच विमानाची तारीख धरा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथं दोन रात्री. चौथ्या दिवशी नील, एक रात्र. पाचव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर. सहावा दिवस पूर्ण मोकळा, हाच तो हातचा दिवस. सातव्या दिवशी विमान. हॅवलॉकची एक रात्र जास्त हवी असेल तर घ्या आणि नील सोडा, पण सहाव्या दिवसाला हात लावू नका.

बरेच जण उलटं करतात, जेल शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात, की तो दिवस वाया जायला नको. माझं मत वेगळं आहे. हातच्या दिवसात असंच काही ठेवायचं जे हुकलं तरी जिवाला लागणार नाही. चॅथम बेटावरची लाकडाची सॉ मिल आहे १८८३ सालची, पुलावरून गाडीने जाता येतं, समुद्रिका म्युझियम आहे, बाजार आहे. हे राहिलं तर राहिलं. पण बोट अडकली आणि आईचं जेल राहिलं, तर ते त्या आयुष्यभर बोलणार नाहीत पण विसरणारही नाहीत. सांगलीच्या माणसाला तर त्या जेलचं वेगळंच वाटतं, तिथं वर्षानुवर्षं शिक्षा भोगलेले, कोलू म्हणजे तेलाचा घाणा ओढलेले बाबाराव सावरकर, स्वातंत्र्यवीरांचे थोरले भाऊ, शेवटी आपल्या सांगलीतच होते आणि १९४५ साली इथंच गेले. आईला हे माहीत असेल, पोरांना जाण्याआधी सांगा.

बोट शक्यतो सकाळची घ्या. सकाळची रद्द झाली तर दुपारच्या बोटीची आशा तरी असते, शेवटची रद्द झाली की दिवस गेला. आणि तिथं घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य आपला नाही, बेटं इतकी पूर्वेला आहेत की नोव्हेंबर-डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे "संध्याकाळी सहाला निघू" हा आपला हिशोब तिथं चालत नाही.

हवामान कसं बघायचं, तर मोबाइलमधलं ढगाचं चित्र बघून घाबरू नका. पावसाने बोट थांबत नाही, वाऱ्याने आणि लाटांनी थांबते. तुम्ही सांगलीचे आहात म्हणून सोपं करून सांगते. पावसाळ्यात आपण आपल्या दारात पाऊस किती पडतोय ते बघतो का? कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं ते बघतो, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि गावात ऊन असलं तरी सामान वरच्या मजल्यावर न्यायला लागतो. २०१९ च्या महापुरानंतर तर हे पोरासोरांना पाठ आहे. तसंच तिथलं बघायचं. निघायच्या चार-पाच दिवस आधीपासून हवामान खात्याचं बुलेटिन वाचा, त्यात अंदमान समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय असं आलं की कान टवकारा, आणि मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर अशी ओळ दिसली की बोटी मागेपुढे होणार असं धरूनच चाला. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज देते, तोही फुकट बघता येतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागला अशी बातमी आली आणि तुम्ही बेटावर असाल, तर उद्याची वाट बघू नका, मिळेल त्या पहिल्या बोटीने पोर्ट ब्लेअरला या, हॉटेलची एक रात्र बुडाली तर बुडू दे.

तिकिटावर हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम दिसेल, गोंधळू नका. सगळ्यांची ओरिजिनल ओळखपत्रं, आणि थोडी रोख जवळ ठेवा, बेटांवर नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देणं बंद. बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तीन दिवसांच्या जास्तीच्या घ्या आणि चेक-इनच्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत.

प्रश्न : कराडहून विचारतोय. चेन्नईवरून जहाजाने अंदमानला गेलं तर विमानाची भानगडच नको ना? रिटायर झालोय, वेळ भरपूर आहे.

उत्तर : वेळ असेल तर काका जरूर जा, पण वेळ म्हणजे खरंच वेळ हवा. चेन्नईहून साधारण तीन दिवस लागतात, महिन्यात मोजक्याच फेऱ्या असतात आणि तारखा मागेपुढे होतात, म्हणून चेन्नईची रेल्वे तिकिटं जहाजाची तारीख पक्की कळल्यावरच काढा आणि तिथं एक-दोन दिवस राहायची तयारी ठेवा. मी तर म्हणते एका बाजूने जहाज, येताना विमान. आणि नातवाच्या बारशाची किंवा कुणाच्या लग्नाची तारीख परतीला चिकटून असेल तर जहाज नकोच.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची. आईला लक्षद्वीप दाखवायचंय, कोचीहून जहाजाने. तिला बोट लागते का बघायला बामणोलीला नेऊन लाँचमधून फिरवून आणू का?

उत्तर : आईला बामणोलीला जरूर न्या, पण परीक्षा म्हणून नको. तिथल्या शिवसागरचं पाणी कोयना धरणाचं, चारी बाजूंनी डोंगर, लाँच थरथरते पण उचलली जात नाही. समुद्रात जहाज सावकाश वर जातं आणि सावकाश खाली बसतं, तासन्‌तास, आणि पोटात ढवळतं ते त्याने. त्यापेक्षा हे आठवा, कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटात एसटीत आईला मळमळतं का? घाट लागतो त्याला बहुतेक बोटही लागते, कान सांगतो आपण हलतोय आणि डोळ्याला समोरची सीट स्थिर दिसते, दोन्हीकडे कारण तेच. असं असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर. उपाशीपोटी चढू नका, तेलकटही नको, जागा जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा, मोबाइल बघायचा नाही.

एक मात्र नीट विचार करा. लक्षद्वीपच्या बऱ्याच बेटांवर मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, भोवती प्रवाळाचा उथळ कठडा असतो, म्हणून जहाज बाहेर थांबतं आणि माणसं भर समुद्रात जहाजाच्या बाजूच्या दारातून छोट्या होडीत उतरतात. होडी खालीवर होत असते, खलाशी दंड धरून म्हणतात "आता", आणि त्या क्षणी पाय टाकायचा असतो. ते लोक यात तरबेज आहेत, पण आईचे गुडघे दुखत असतील, जिना उतरताना कठडा धरावा लागत असेल, तर अगत्ती बेटापर्यंत विमानाने जा. लक्षद्वीपचं परमिट जहाजाने जा नाहीतर विमानाने, लागतंच, ते हातात आल्याशिवाय तिकिटाला पैसे घालू नका. आणि पावसाळ्याचे महिने पूर्ण सोडा, ऑक्टोबरच्या मध्यानंतर बघा. आईचे गुडघे कसे आहेत ते एकदा कळवा, मग पुढचं सांगते.