लीड्सची नोकरी, व्हिसा आणि कोथरूडची आई

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. लीड्सच्या नोकरीवर तीन वर्षांचा व्हिसा मिळतोय, तर इंग्लंडात दवाखाना खरंच फुकट असतो का. बायको आणि सहा वर्षांच्या मुलीची सोय कशी होईल. आणि कोथरूडला एकट्या राहणाऱ्या, पार्किन्सन्स झालेल्या ७२ वर्षांच्या आईंना पुढेमागे तिकडे नेता येईल का. पहिल्या दोन्हींची उत्तरं मी भराभर देते. तिसऱ्याचं उत्तर तुम्हाला ऑफर लेटरवर सही करण्याआधी कळायला हवं, म्हणून तिथे वेळ घेणार आहे.

दवाखान्यात बिल हातात पडत नाही हे खरं, पण पैसे व्हिसाच्या अर्जाबरोबरच मोजून घेतलेले असतात. त्याला इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि अठराच्या आतल्या मुलाला ७७६. सगळ्या वर्षांचे एकरकमी भरायचे. तुम्हा तिघांचे तीन वर्षांचे ८,५३८ पौंड, म्हणजे दहा लाख रुपयांच्या आसपास. ही रक्कम कंपनी देते का, हे एचआरला लेखी विचारा. पुष्कळ जण फक्त व्हिसा फीचं विचारतात आणि इथे अडकतात. शिवाय पगारातून इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जाणारच, आणि एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, मुख्यतः त्याच पैशांवर चालते. एकाच गोष्टीसाठी परक्या माणसाकडून दोनदा घेणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तसं मी इथे उघडपणे म्हणते. पण संकटाच्या वेळी ही व्यवस्था ज्या ताकदीने मागे उभी राहते तेही मी पाहिलंय. ॲडमिट करताना डिपॉझिट भरा, कॅशलेसचं अप्रूव्हल येऊ द्या, असं कोणी म्हणत नाही.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, तिघांची नावं नोंदवा. पुण्यात आपण थेट ऑर्थोपेडिककडे किंवा स्किनवाल्याकडे जातो, तसं इथे चालत नाही. आधी जीपी, आणि त्याने पाठवलं तरच स्पेशालिस्ट. सरकारचं उद्दिष्ट अठरा आठवड्यांचं आहे, पण प्रतीक्षायादी सत्तर लाखांच्या वर गेलेली आहे, त्यामुळे गुडघा, हर्निया, मोतीबिंदू यांना महिनोन्‌महिने लागतात. छातीत दुखलं किंवा अपघात झाला तर ९९९ ला फोन करा. तातडीचं आहे पण जिवावरचं नाही, तर १११. मुलीचा कान दुखला, घसा दुखला तर केमिस्टकडे जा. २०२४ पासून ठरावीक सात तक्रारींवर फार्मासिस्ट स्वतः तपासून औषध देऊ शकतो. मोठ्यांना प्रिस्क्रिप्शनवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात, मुलीला काही नाही. दातांचं जे काही असेल, रूट कॅनाल, कॅप, ते पुण्यातच उरकून या. एनएचएसचा नवे पेशंट घेणारा डेंटिस्ट शोधणं इथे फार जिकिरीचं झालंय. मुलीचं लसीकरणाचं कार्ड आणि तुमच्या औषधांची जेनेरिक नावं बरोबर ठेवा. आपले ब्रँड इथे कोणाला कळत नाहीत.

आता आई.

बहुतेक वर्क व्हिसांवर जोडीदार आणि मुलं येऊ शकतात. आईवडिलांना त्यात जागाच नाही. तुम्ही इथे कायमचे स्थायिक झालात तरच अवलंबून असलेल्या पालकांसाठी अर्ज करता येतो, आणि २०१२ पासून तो नियम फार कडक आहे. आईला रोजच्या साध्या गोष्टींसाठी, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, आणि तुम्ही पैसे पाठवूनही ती मदत भारतात मिळू शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. पुण्यात ते सिद्ध करणार कसं? नर्सिंग ब्यूरोला फोन केला की दिवसपाळी-रातपाळीच्या ताई मिळतात, फिजिओथेरपिस्ट घरी येतो, रक्त घ्यायला माणूस घरी येतो. आपल्या शहराची हीच सोय अर्जाच्या आड येते. शिवाय पाच वर्षं सरकारी मदतीविना त्यांचा खर्च चालवण्याची हमी तुम्हाला द्यावी लागते.

समजा, सगळं पार पडून त्या आल्या. तरी उपचार आणि सांभाळ ही इथे दोन वेगळी खाती आहेत, हे फार थोड्या भारतीय घरांना आधी माहीत असतं. पार्किन्सन्सची औषधं, न्यूरॉलॉजिस्ट, ॲडमिशन हे एनएचएसकडे. पण उठवणं, भरवणं, अंघोळ घालणं हे सोशल केअर, आणि ते स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेकडे. कौन्सिलचे पैसे सरकारी अनुदानातून आणि घरोघरच्या कौन्सिल टॅक्समधून येतात. त्या बिलात सोशल केअरसाठी म्हणून वाढवलेला भाग तुम्हीही दरमहा भराल. कौन्सिल गरज फुकट तपासते, मग तुमच्या आईंची ऐपत तपासते. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांच्या वर बचत असली की सगळा खर्च स्वतःचा. ही मर्यादा २०१० पासून वाढलेलीच नाही. केअर होमला आठवड्याला हजार पौंडांच्या वर सहज जातात. कोथरूडचा फ्लॅट आईंच्या नावावर असेल तर तोही हिशेबात येऊ शकतो, हे लक्षात असू द्या. स्कॉटलंडमध्ये अंघोळ घालणं, भरवणं अशी शुश्रूषा २००२ पासून मोफत आहे, पण तुमची नोकरी लीड्सची.

मग त्या नुसत्या भेटीला येतील, तर व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांपर्यंतचा असतो. जीपी आणि ए अँड ई (इमर्जन्सी विभाग) तपासतील, पण तिथून वॉर्डात नेलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. पाचशे पौंडांची थकबाकी राहिली तरी पुढचा व्हिसा अडू शकतो. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना पार्किन्सन्स लिहूनच घ्या. जुना आजार वगळणारी पॉलिसी त्यांच्या उपयोगाची नाही.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: आईंची व्यवस्था पुण्यातच, आणि तुम्ही निघण्याआधी लावा. त्या सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणजे उत्पन्न कितीही असो, आधार कार्डावर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या हॉस्पिटलच्या खर्चाचं. जवळचं कुठलं हॉस्पिटल त्या यादीत आहे ते स्वतः जाऊन विचारा. ताईंना तुम्ही जायच्या दोन-तीन महिने आधीच कामावर ठेवा, म्हणजे आईंना सवय होईल आणि स्वभाव जमतो का तेही तुमच्या डोळ्यांसमोर कळेल. पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही करायला पुण्यात कोण येणार? बहीण, चुलतभाऊ, सोसायटीतले काका, कोणी का असेना, त्या माणसाशी समोर बसून बोला, बँकेच्या जॉइंट खात्याची सोय करा, आईंची फाइल त्याला दाखवून ठेवा.

तुमच्या बायकोने केअर वर्करच्या कामाबद्दल विचारलंय. परदेशातून त्या कामासाठी थेट भरती जुलै २०२५ पासून बंद आहे, पण तुमची डिपेंडंट म्हणून आल्यावर त्या ते काम करू शकतात.

ब्यूरोबरोबर करार करण्याआधी त्यात बदली ताई किती तासांत देणार हे लिहून घ्या. दिवाळीत आणि गणपतीत त्याच कलमाची गरज पडते.