माजावर आली म्हणून पाठीला लगेच बोकड लावावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घरी संगमनेरी जातीच्या सहा पाठी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या आहेत, वय साडेसात महिने. दोघी माजावर येऊन गेल्या, म्हणजे बोकडाची ओढ लागायचे दिवस दाखवून गेल्या. वडील म्हणतात, "माज आला म्हणजे वय झालं, बोकड लावून टाक." तुमचं मन होत नाही. वर त्यातली एक मागच्या आठवड्यात रानात शेजाऱ्याच्या बोकडाबरोबर दिसली, तिचं काय करायचं हेही विचारलंय.

आत्ता लावू नका. वडिलांशी वाद मात्र घालू नका, कारण ते अर्धे बरोबर आहेत. माज आला म्हणजे पाठ गाभण राहू शकते, एवढंच खरं. पोटातलं करडू वाढवून, ते नीट विऊन वर दूध द्यायची ताकद तिच्यात आली का, हे माज सांगत नाही. ते वजन सांगतं.

पाठ सहाव्या-सातव्या महिन्यातच माज दाखवायला लागते, खाणं चांगलं असेल तर त्याच्याही आधी. तेव्हा तिची स्वतःची हाडं अजून वाढत असतात. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, आणि करडाची बहुतेक वाढ होते शेवटच्या दीड महिन्यात. त्या दीड महिन्यात आईची वाढ आणि करडाची वाढ एकाच गव्हाणीतून भागते. कच्ची पाठ असेल तर दोघांनाही कमी पडतं.

आमच्याकडे हिशेब सोपा ठेवलाय: जातीच्या मोठ्या शेळीचं जेवढं वजन, त्याच्या दोन तृतीयांश पाठीचं व्हायला हवं. संगमनेरी शेळी पूर्ण वाढीला ३० ते ३२ किलोच्या आसपास जाते, म्हणजे थोडं वरच धरून पाठ २१-२२ किलोची झाली की बोकड दाखवायचा. उस्मानाबादीलाही जवळपास हाच आकडा चालतो. सानेनसारखी मोठ्या अंगाची दुधाळ जात असेल तर मात्र ३५ किलोच्या खाली विचारही करू नका. तिथे २२ किलो म्हणजे लेकरूच. आणि वजन लवकर भरलं तरी मी दहा महिन्यांच्या आत लावत नाही. वजन आणि वय, जे उशिरा पुरं होईल ते धरायचं.

तुमच्या पाठी आज किती किलोच्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. बहुतेकांना माहीतच नसतं, नजरेनं "वीस-बावीस असेल" म्हणतात आणि काट्यावर सोळा भरते. हुकाचा डिजिटल काटा घ्या, गोणपाटाची झोळी करून तिच्या पोटाखालून घाला, आढ्याला टांगा. सकाळी चारा-पाण्याच्या आधी. काटा नसेल तर शिंप्याची टेप चालते: पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २५ आणि लांबी २३ आली तर पावणेबावीस किलो. किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं, पण नजरेपेक्षा बरं.

धरा आज १६ किलो आहे. बरा खुराक आणि जंताचं औषध वेळेवर असेल तर आमच्या पाठी दिवसाला ६० ते ७० ग्रॅम वाढतात. सहा किलो भरायला तीन महिने. म्हणजे साडेदहा महिन्यांना बोकड आणि पंधरा-सोळा महिन्यांना पहिलं वेत. वडिलांना हे कागदावर मांडून दाखवा. तीन महिन्यांचं खाणं फुकट जातंय असं त्यांना वाटत असणार, आणि तेही चुकीचं वाटत नाही.

माझा अनुभव सांगतो, कारण मीही एकदा "बघू" म्हटलं होतं. चार महिन्यांचा एक बोकड पाठींच्यातच राहू दिला, अजून आईला पितोय म्हणून. तीन महिन्यांनंतर बोकड वेगळे काढायचे हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, कंटाळा केला. काही महिन्यांनी एका पाठीचं पोट सुटलं. मला वाटलं जंत! औषध पाजायला बाटली हातात घेतली तेव्हा माझ्या आईनं तिच्या कासेला हात लावला आणि म्हणाली, "अरे, ही गाभण आहे." अकरा महिन्यांची असताना रात्री व्यायला बसली. करडाचे पाय आले, डोकं अडकलं. डॉक्टर पोचले तेव्हा दोन वाजले होते. पाठ वाचली, करडू गेलं. चीक निघाला वाटीभर. पुढे तिच्या बरोबरीच्या तीस किलोवर गेल्या, ही चोवीस किलोवर थांबली. दुधालाही कायम मागेच, बाकीच्या लिटरच्या आसपास देत असताना ही अर्ध्यावर. शेवटी विकली. घेणाऱ्यानं दात बघितले, अंग बघितलं आणि विचारलं, "हिला लहानपणी लावली होती का?" जाणत्याला दिसतं.

दातांवरून आठवलं. बाजारातून आणलेल्या पाठीचं वय विकणारा सांगेल तेच धरू नका. पुढचे दोन मोठे दात आले असतील तर ती वर्षाच्या पुढची आहेच. सगळे दुधाचे बारीक दात असतील आणि "दोन वर्षांची आहे" म्हणत असतील तर हसून पुढे चला.

काट्याबरोबर हातही वापरा. शेवटच्या बरगडीच्या मागे कंबरेवर पंजा ठेवा. मणक्याची टोकं करवतीसारखी लागली तर वजन भरूनही थांबा. बोटांना हाड सापडतच नसेल तर उलटी अडचण. चरबी चढलेली पाठ वारंवार उलटते, म्हणजे बोकड लावूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते. दाबल्यावर हाड लागावं पण टोचू नये. लावायच्या पंधरा-वीस दिवस आधीपासून मका भरडा आणि पेंड मिळून दोनशे ग्रॅमभर जास्त द्या.

तोवर माज वाया जातोय असं समजू नका, तारखा लिहा. शेपूट सारखी हलते, विनाकारण ओरडते, खाणं सोडते, चिकट बळस टाकते, दुसरीवर चढते. हे १८ ते २१ दिवसांनी पुन्हा दिसतं. दोन-तीन तारखा वहीत आल्या की पुढचा माज आधीच कळतो, आणि बोकड आणायची धावपळ वाचते. माज दीड दिवसाच्या आसपास टिकतो; सकाळी दिसला तर संध्याकाळी दाखवा आणि पुन्हा दुसऱ्या सकाळी. मग एकविसाव्या दिवशी नीट बघा. उलटली नाही तर बहुधा राहिली.

महिनाही बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावली तर जुलै-ऑगस्टच्या चिखलात विते, ओल्या गोठ्यात करडं टिकवणं कठीण. मी पहिल्यांदा विणाऱ्या पाठीला जून-जुलैत लावणं पसंत करतो, म्हणजे करडं नोव्हेंबर-डिसेंबरात. थंडी असते, पण पोतं टाकून भागतं, आणि चारा असतो. बोकड तिचा बाप किंवा भाऊ नको, हे वेगळं सांगायला नको, पण घरच्याच कळपात तेच होत राहतं. जंताचं औषध बोकड लावायच्या आधी उरका. अल्बेंडाझोल गाभण शेळीला पहिल्या दीड महिन्यात चालत नाही.

एखादी पाठ सहा-सात महिने थांबूनही वजन धरत नसेल, म्हणजे चौदा महिन्यांची होऊनही १८ वर अडकली, तर लेंड्या तपासून घ्या. जंत नसतील तर ती पैदाशीला ठेवू नका.

आता रानातल्या त्या पाठीचं. एकवीस दिवस वाट बघून ठरवू, असं करू नका. तारीख आठवते तोवर पशुवैद्यकाला बोलवा, तिचं वजन सांगा. ती फारच लहान असेल तर सुरुवातीच्या दिवसांत इंजेक्शननं गाभ पाडता येतो. किती दिवस थांबून द्यायचं ते तेच ठरवतील. ते इंजेक्शन दुकानातून आणून स्वतः टोचायला जाऊ नका, आणि घरात कोणी गरोदर किंवा दम्याचं असेल तर त्यांना त्या बाटलीला हात लावू देऊ नका. वीस किलोच्या जवळ असेल तर राहू द्या, वेगळा खुराक सुरू करा, आणि तारखेत १५० दिवस मिळवून भिंतीवर लिहा. त्या आठवड्यात रात्री कोणीतरी गोठ्यात झोपा.