शब्दशंका : ‘सिरस’ ढगात आणि समुद्रातही?

प्रश्न : दिवाळीच्या सुमारास यवतेश्वरच्या घाटातून साताऱ्याकडे उतरताना आभाळात रुईच्या म्हाताऱ्या उडाव्यात तसे पांढरे, विरळ ढग दिसले. मुलीच्या पुस्तकात त्यांना ‘सिरस’ म्हटले आहे, तर माझ्या जुन्या पुस्तकात ‘तंतुमेघ’. तिच्याच प्राणिशास्त्राच्या पुस्तकात मात्र ‘सिरस’ हा एका सागरी प्राण्याचा अवयव आहे. यातले बरोबर कोणते? आणि असे ढग दिसल्यावर पाऊस येतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तिन्ही पुस्तके बरोबर आहेत. ‘सिरस’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘कुरळी बट’ असा आहे. बट कशाची, हे तो शब्द सांगत नाही, म्हणूनच तो निरनिराळ्या शास्त्रांत सुखाने नांदतो. ढगांसाठी तो ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या रसायन-व्यावसायिकाने १८०२च्या डिसेंबरात दिलेल्या व्याख्यानात वापरला आणि त्याने सुचवलेली नावे थोड्याफार भरीसह आजही जगभर चालतात. आपल्याकडे त्याला ‘तंतुमेघ’ म्हणतात. बटेचा कुरळेपणा या नावात उतरलेला नाही, तरी ते सुटसुटीत आहे आणि पाहताक्षणी पटते.

हे तंतू होतात कसे, हे पाहण्यासारखे आहे. उष्ण कटिबंधात तंतुमेघ साधारण ६ ते १८ किलोमीटर उंचीवर असतात, म्हणजे अगदी खालचा धरला तरी महाबळेश्वरच्या चौपटीहून वर. तिथे ढग बर्फाच्या बारीक स्फटिकांचा असतो. स्फटिक जड होऊन खाली येऊ लागतात; खालच्या थरात वाऱ्याचा वेग निराळा असल्यामुळे त्यांची धार तिरकी ओढली जाते आणि टोकाशी आकडा असलेली लांब बट तयार होते. तेव्हा आपण जिला ढगाची रेघ म्हणतो, ती वास्तविक पडत असलेल्या बर्फाची वाट असते. तो बर्फ जमिनीपर्यंत पोहोचत नाही, वाटेतच हवेत विरून जातो. त्यामुळे तंतुमेघाचा पाऊस आपल्या अंगावर पडत नाही. युरोपात हे ढग दाटत गेले की पुढे पाऊस येण्याचा संभव धरतात, परंतु तो ठोकताळा साताऱ्याला जसाच्या तसा लावू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात दिसणारे तंतुमेघ पुष्कळदा कुठेतरी दूर कोसळून गेलेल्या वळवाच्या ढगाचे पसरलेले डोके असते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. प्रत्येक पातळ ढगाला तंतुमेघ म्हणण्याची सवय वर्तमानपत्रांतही दिसते. चंद्राभोवती खळे पडते तेव्हा आभाळभर बहुधा पातळ पडद्यासारखा ‘तंतुस्तर’ मेघ असतो. त्यात सुट्या बटा शोधून सापडत नाहीत.

आता प्राणी. कोकणात खडकांवर चुनखडीच्या लहान शंकूंसारखे चिकटलेले बार्नॅकल आपण पाहिले असतील. भरतीचे पाणी चढले की तो प्राणी कवच उघडून पिसांसारखे केसाळ पाय बाहेर काढतो आणि त्यांनी अन्नकण ओढून घेतो. या पायांच्या सहा जोड्या असतात आणि त्यातल्या प्रत्येक पायाला ‘सिरस’ म्हणतात. त्या प्राणिगटाच्या ‘सिरिपीडिया’ या नावातही हाच शब्द आहे. चार्ल्स डार्विनने या गटावर आठ वर्षे घालवली होती.

खगोलशास्त्रातही हा शब्द शिरला आहे. १९८३ साली ‘आयरास’ या अवरक्त दुर्बिणीच्या उपग्रहाला ताऱ्यांमधल्या थंड धुळीचे विरळ पुंजके दिसले, तेव्हा त्यांना ‘अवरक्त सिरस’ म्हटले गेले. याचे मराठी करताना ‘तंतुमेघ’ लिहिल्यास वाचक हवामानाकडे वळेल; तिथे ‘तंतुरूप धूळ’ म्हणावे, असे मला वाटते. प्राण्याच्या अवयवासाठी मात्र ‘सिरस’च ठेवावे.

जाता जाता : हिंदीत ‘सिरस’ म्हणजे आपला शिरीष. त्याच्या फुलातले केसांसारखे पुंकेसर पाहून या शब्दाशी नाते जोडण्याचा मोह होईल, पण तो शब्द संस्कृत ‘शिरीष’वरून आला आहे आणि उच्चारातले साम्य हा निव्वळ योगायोग आहे.