कार्बनचा हिशेब आणि भौतिकशास्त्राची पदवी

प्रश्न : माझी मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला हवामानबदलावर, त्यातही कार्बनचक्रावर संशोधन करायचं आहे. त्यासाठी भौतिकशास्त्र सोडून पर्यावरणशास्त्राला जायचं म्हणते. प्रयोगशाळेत रमते, गणित बरं आहे, कोडिंगचा मात्र कंटाळा. मला वाटतं, हा विषय जनजागृतीपुरताच आहे. यात पुढे काम तरी काय मिळणार? – एक आई

उत्तर : भौतिकशास्त्र सोडू देऊ नका. कार्बनचक्राचं संशोधन म्हणजे मुळात जमाखर्च आहे. हवेत किती कार्बन गेला, समुद्राने किती घेतला, झाडं आणि मातीने किती घेतला, याचा हिशेब. तो मांडायला मोजता यावं लागतं आणि आपण मोजताना किती चुकलो हेही सांगता यावं लागतं. या दोन्ही गोष्टी भौतिक, रसायन आणि गणित यांत घट्ट शिकवल्या जातात. पृथ्वीच्या हवामानाच्या मॉडेलांसाठी मनाबे आणि हासेलमान यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तेही भौतिकशास्त्राचंच.

हा हिशेब तिला वहीवर करायला सांगा. हवेतला कार्बन डायऑक्साइड १ पीपीएमने, म्हणजे दहा लाख रेणूंमागे एकाने, वाढवायला सुमारे २.१२ अब्ज टन कार्बन लागतो. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून वर्षाला १० अब्ज टनांच्या आसपास कार्बन बाहेर पडतो, जंगलतोडीतून आणखी साधारण १ अब्ज. म्हणजे दरवर्षी ५ पीपीएमहून थोडी जास्त वाढ दिसायला हवी. प्रत्यक्षात ती सरासरी अडीचच्या आसपास दिसते. बाकीचा निम्मा समुद्र आणि जमीन यांनी उचलला. समुद्राने कुठे, जमिनीवर कुठल्या जंगलाने, आणि पुढची पन्नास वर्षं ते असंच उचलत राहतील का? संशोधनाचा मोठा भाग याच प्रश्नांवर चालतो. जमिनीचा वाटा पूर्वी उरलेली बाकी म्हणून काढत. आता तो स्वतंत्र मॉडेलांतून काढतात आणि जमाखर्च जुळला नाही तर तफावत तशीच छापतात.

नवखे इथे हमखास एक चूक करतात. कुठे आकडा कार्बनचा दिलेला असतो, कुठे कार्बन डायऑक्साइडचा. दोन्हींत ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ पट फरक. ११ अब्ज टन आणि ४० अब्ज टन हे एकच उत्सर्जन असू शकतं.

आता हे काम जवळून कसं दिसतं ते पाहू, कारण आवड खरी आहे का हे तिथेच कळतं. दुर्गम ठिकाणी हवेचा नमुना निर्वात काचेच्या बाटलीत घेतात. वाऱ्याकडे तोंड करून, बाटली पुढे धरून, श्वास रोखून तोटी उघडायची. कारण आपल्या उच्छ्वासात साधारण ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. चार लाख भाग हवेत त्याचा एक भाग मिसळला तरी वाचन ०.१ पीपीएमने वर जातं, आणि उत्तर गोलार्धातल्या केंद्रांची वाचनं एकमेकांशी जुळावीत अशी अपेक्षा असते तीही ०.१ पीपीएमचीच. पुढे बाष्पाची भानगड. हवेत २ टक्के बाष्प असेल तर ४२० च्या जागी ४११.६ दिसतं. म्हणून हवा आधी कोरडी करायची किंवा बाष्प वेगळं मोजून दुरुस्ती करायची. त्यावर यंत्राचं वाचन हळूहळू सरकतं, ते पकडण्यासाठी प्रमाण माहीत असलेल्या वायूचे सिलिंडर पुन्हा पुन्हा जोडायचे. कॅलिब्रेशनचा ज्याला कंटाळा, त्याने मोजणीच्या वाटेला न गेलेलंच बरं.

जंगलावर उभारलेल्या टॉवरचं काम वेगळं. तिथे वाऱ्याचा उभा वेग आणि कार्बन डायऑक्साइड, दोन्ही सेकंदाला १० किंवा २० वेळा मोजतात आणि दोन्हींच्या चढउताराचा एकमेकांशी संबंध दर अर्ध्या तासाला काढतात. त्यातून जंगल श्वास घेतंय की सोडतंय ते कळतं. घोळ होतो तो शांत रात्री. वारा पडला की झाडांनी आणि मातीने सोडलेला वायू वर टॉवरपर्यंत पोचतच नाही. तो खाली साचतो, उतार असेल तर तिकडे वाहून जातो. त्या रात्री तशाच धरल्या तर जंगल प्रत्यक्षापेक्षा जास्त कार्बन शोषतंय असं चित्र उभं राहतं. म्हणून घुसळण पुरेशी नसलेले अर्धे तास वगळतात आणि रिकाम्या जागा तापमान व उजेड यांवरून अंदाजाने भरतात. वगळण्याची मर्यादा कुठे ठेवली यावर वर्षाचा आकडा हलतो. हा निर्णय भौतिकशास्त्र कळणाऱ्या माणसानेच घ्यावा.

कोडिंगचा कंटाळा ही मला खरी अडचण वाटते. सेकंदाला १० नोंदी म्हणजे दिवसाला ८,६४,००० ओळी. एक्सेलच्या एका पानात साडेदहा लाखांच्या आसपास ओळी मावतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पान संपलं! पायथॉन किंवा आर, यांपैकी एक भाषा येत्या वर्षभरात हाताखालून गेलीच पाहिजे. मॉडेलांच्या वाटेला गेली तर लिनक्स आणि फोर्ट्रानही लागेल. फोर्ट्रान जुनी म्हणून नाक मुरडू नये, हवामानाची मोठी मॉडेलं आजही बरीचशी त्यातच आहेत.

तिसऱ्या वर्षाला ऑप्टिक्स, स्पेक्ट्रोस्कोपी, थर्मोडायनॅमिक्स, द्रवगतिशास्त्र आणि संख्याशास्त्र यांतलं जे मिळेल ते घ्यावं. २०१४ मध्ये सोडलेला ओसीओ-२ उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातून हवेतला कार्बन डायऑक्साइड काढतो, ती निव्वळ स्पेक्ट्रोस्कोपी आहे. समुद्राचं आकर्षण असेल तर रसायनातला आम्ल-आम्लारी समतोल पक्का हवा. पाण्यातला एकूण अजैविक कार्बन, क्षारता, पीएच आणि कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब, या चारांपैकी दोन मोजायचे आणि उरलेले गणिताने काढायचे, हा तिथला रोजचा शिरस्ता. पर्यावरणशास्त्राची गोडी असेल तर एमएस्सीला वातावरणशास्त्र किंवा समुद्रविज्ञान निवडता येतं. पायाभूत गणित मात्र नंतर भरून काढणं फार अवघड जातं.

नोकरीचं स्पष्ट सांगायला हवं. एमएस्सीनंतर पीएचडीची चार-पाच वर्षं धरा, पुढे दोन-तीन वर्षांच्या कराराच्या नेमणुका. कायमच्या जागा थोड्या आणि निधी बेभरवशाचा. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू केली तेव्हा आकडा ३१५ पीपीएमच्या आसपास होता, आज तो ४२० च्या पुढे आहे. या जगप्रसिद्ध नोंदीतही १९६४ मध्ये काही महिन्यांचं भोक आहे, कारण पैसे आटले. पण हात रिकामे राहत नाहीत. मापनयंत्रांची देखभाल, मिथेनची गळती शोधणं, उत्सर्जनाच्या आकड्यांची पडताळणी, उपग्रहांच्या माहितीवरची प्रक्रिया, या कामांना हेच कौशल्य लागतं. यांतल्या बऱ्याच कामांना एमएस्सी पुरते.

निर्णयाआधी तिला एक महिना द्या. स्क्रिप्स संस्थेच्या मौना लोआच्या मासिक नोंदी मोफत मिळतात. त्या पायथॉनमध्ये उघडायच्या, मे महिन्यातलं शिखर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला तळ हा ऋतुचक्राचा भाग वेगळा काढायचा, वर्षागणिक वाढ काढायची आणि १९९८ व २०१६ या एल निनोशी जोडलेल्या वर्षांत ती का उसळली ते शोधायचं. १९६४ च्या त्या रिकाम्या महिन्यांच्या जागी उणे ९९.९९ लिहिलेलं असतं. ते न काढता सरासरी घेतली तर त्या वर्षी कार्बन डायऑक्साइड कोसळल्यासारखा दिसेल. असा आलेख आल्यावर ती वैतागून लॅपटॉप मिटते की फाइल उघडून ओळ न् ओळ तपासते, हे तुम्हीच शेजारी बसून पाहा. तपासत बसली, तर तोच आलेख आणि तोच कोड जोडून तिने सुट्टीतल्या प्रकल्पासाठी एखाद्या प्रयोगशाळेला पत्र लिहावं. नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा तिथे तो जास्त चालतो.